केशरी तळवे

त्या बाईंचा मला हेवा वाटायचा, असं लिहायला बसले होते. पण 'वाटायचा' हे खोटं आहे. त्या निवृत्त झाल्या, मागोमाग मीही झाले, शाळेला नवा रंग लागला, तरी अजून मंडईत कुणी गाजरं निवडताना दिसलं की त्याच तर नाहीत ना, म्हणून मी वळून बघते. तेव्हा 'वाटतो' असंच म्हणते आणि पुढे जाते.

आम्ही खडकीच्या एका शाळेत बरोबर होतो. मी विज्ञान शिकवायचे, त्या चित्रकला. शाळेतली मुलं बहुतेक कारखान्यातल्या कामगारांची. माझे मिस्टरही कारखान्यातच होते आणि आम्ही शाळेमागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाई राहायच्या शुक्रवार पेठेत, मंडईच्या अगदी कुशीत. सकाळी भाजीची पोती उतरत असतानाच त्या तिथे हजर असायच्या म्हणे. तिथून गाजरं घ्यायची, शिवाजीनगरला येऊन लोकल पकडायची आणि प्रार्थनेच्या घंटेला पिशवीसकट फाटकात. फाटकातून ती पिशवी स्टाफरूमपर्यंत न्यायला मुलांची भांडणं लागायची. माझा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतून वर्गात न्यायला मात्र मला रोज कुणाला तरी नावानं हाक मारावी लागे.

स्टाफरूमच्या बेसिनपाशी, चहाच्या कपांच्या शेजारी, एक हिरवा टूथब्रश उभा असायचा. नव्यानं रुजू झालेली प्रत्येक शिक्षिका तो बघून विचारायची, "अय्या, हा कुणाचा?"

शिपाईमामा चहा गाळता गाळता सांगायचे, "गाजराचा."

मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्याजणी डबे उघडायच्या आधी बाई बेसिनपाशी उभ्या राहून गाजर घासायच्या. शेंड्यापासून देठापर्यंत, मग फिरवून दुसरी बाजू. साल काढायचं नाव नाही. "साल काढणाऱ्यानं सरळ मुळा खावा," असं त्या म्हणायच्या. चिरणं, किसणं, उकडणं हेही त्यांना चालत नसे. गाजर हातात धरून चावायचं. तो कडाम कडाम आवाज सगळ्या स्टाफरूममध्ये ऐकू जायचा आणि आपण पोळी-भाजी खातोय याची उगाचच लाज वाटायची. निदान मला वाटायची.

थंडीत लाल गाजरं आली की कुणी ना कुणी डब्यात हलवा आणायचं. एकदा गणिताच्या बाईंनी मुलाला नोकरी लागली म्हणून मोठा डबा भरून आणला होता. बाईंनी चमचाभर घेतला, डोळे मिटले, मान खाली घातली आणि थोडा वेळ तशाच बसल्या.

"आवडला का?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"हलवा म्हणजे गाजराचं श्राद्ध," त्या म्हणाल्या. "मुलाचं अभिनंदन सांगा."

आणि गणिताच्या बाई रागावल्या नाहीत! हसल्या! हेच वाक्य मी बोलले असते तर वर्षभर अबोला धरला असता त्यांनी.

बाईंच्या लेखी गाजरानं डोळे चांगले राहात, कातडी तुकतुकीत होई, हिरड्या घट्ट होत, पोट साफ होई, रक्तदाब उतरे आणि माणूस खोटं कमी बोले. या शेवटच्या फायद्याचं कारण विचारलं की म्हणायच्या, "तोंडात गाजर असताना बोलता येतं का?" मुख्याध्यापिकांचं डोकं दुखलं तर गाजर. पीटीच्या सरांचं पोट बिघडलं तर गाजर. क्लार्कचे केस गळायला लागले, त्यालाही गाजर. तो बिचारा वर्षभर खात राहिला. केस गेले ते गेलेच, पण सगळ्यांना सांगत सुटला की झोप छान लागते.

मी विज्ञानाची शिक्षिका. गाजरात काय असतं ते मला पाठ होतं. त्यातल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, तंतू पोटाला बरे, वगैरे. पण ज्याला ते कमी पडत नाही त्यानं पोतंभर गाजरं खाल्ली तरी त्याची नजर गरुडाची होत नाही. हे मी आठवीला आकृतीसकट शिकवायचे. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून एक हात वर यायचा.

"बाई, पण चित्रकलेच्या बाई म्हणतात..."

शेवटी एकदा मी त्यांना सगळ्यांसमोर गाठलं. म्हटलं, "अहो बाई, गाजरानं चष्मा जात नाही. मुलांना काहीतरी सांगू नका."

"जातो असं कुठं म्हणते मी?" त्या म्हणाल्या. "तो यायला कंटाळा करतो, एवढंच म्हणते."

"आणि जे गाजरात असतं तेच पालकात असतं. शेवग्याच्या पाल्यात असतं, भोपळ्यात असतं, पपईत असतं."

"असेल की. पण पालक हातात धरून चावता येतो का?"

स्टाफरूम हसली. मी चष्मा पुसला.

तो चष्मा हेही एक दुखणंच होतं. माझा चष्मा कॉलेजपासूनचा. बाईंची पन्नाशी उलटली तरी चष्म्याचा पत्ता नव्हता. स्नेहसंमेलनाच्या वेळी मुलींच्या कपड्यांना बटणं लावायची असली की सगळ्या आपापल्या सुया त्यांच्याकडे ओवायला द्यायच्या. मला याचं शास्त्रीय कारण ठाऊक होतं. त्या वयात ज्यांना जवळचं चष्म्याशिवाय दिसतं त्यांना बहुधा लांबचं अंधुक दिसत असतं. म्हणजे दोष आहेच, फक्त सोयीचा आहे. हे सिद्ध करावं म्हणून एकदा खिडकीपाशी उभं राहून मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती पार कोपऱ्यावर उभी आहे ना, ती बस कुठली हो?"

बाईंनी सुईत दोरा घालता घालता मान वर केली. "हडपसर. तुम्हाला जायचंय का?"

मी चष्म्यातून बघितलं. मला बसचा नुसता रंग दिसत होता. बस जवळून गेली तेव्हा पाटी वाचली. हडपसरच होती.

इथवरचं सगळं मी पचवलं असतं. शाळेत कुणीतरी लाडकं असतं, कुणीतरी कामाचं असतं. मी कामाची होते. पण मग माझी मुलगी मित्रा पाचवीत गेली आणि त्यांच्या हाताखाली आली.

मित्रा माझी एकुलती एक. खाण्याच्या बाबतीत तिनं माझा जीव नकोसा केला होता. भाजी म्हटलं की तोंड फिरवायची. मी काय काय केलं नाही! गाजर किसून थालीपिठात घातलं, पराठ्यात घातलं, उपम्यात घातलं, सांबारात विरघळवलं. ती ताटाच्या कडेला केशरी कीस वेगळा काढून ठेवायची, इतक्या निगुतीनं की तिचा राग करावा की कौतुक तेच कळू नये. दुसऱ्यांच्या मुलांना मी अ जीवनसत्त्व शिकवत होते आणि घरात हा प्रकार.

बाईंचा पाचवीचा पहिला धडा दर वर्षी एकच असायचा. टेबलावर एक गाजर ठेवायचं आणि ते काढायला सांगायचं. "गाजर काढता आलं की माणूस काढता येतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. सगळ्यांची चित्रं बघून ज्याचं चांगलं असेल त्याला बक्षीस काय, तर तेच गाजर. गोळी नाही, तारा नाही, पेन्सिल नाही. आणि बक्षीस तिथेच, वर्गासमोर उभं राहून खायचं.

त्या वर्षी ते मित्राला मिळालं.

संध्याकाळी घरी आली ती दप्तर न टाकताच म्हणाली, "आई, गाजरं आण. किसू नकोस हं. अख्खी."

मी म्हटलं, "तू खाणार?"

"हो. आणि मला एक वेगळा टूथब्रश दे."

तिचे बाबा हरखले. दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्याबरोबर किलोभर घेऊन आले. मित्रा मोरीपाशी उकिडवी बसून, जीभ बाहेर काढून गाजर घासायला लागली. शेंड्यापासून देठापर्यंत, मग फिरवून दुसरी बाजू. मग उभी राहून तिनं ते कडाम करून चावलं. मी तिच्याकडे बघत उभी होते. माझ्या हातात किसणी होती.

"कुणामुळे का होईना, खातेय ना?" मिस्टर म्हणाले.

कुणामुळे का होईना! तेच तर माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. इतकी वर्षं मी किसत होते, आणि कुणीतरी टेबलावर एक गाजर नुसतं ठेवलं. त्यानंतर आमच्या जेवणात चौथ्या माणसासारख्या बाई बसायला लागल्या. "बाई म्हणतात, साल काढणाऱ्यानं मुळा खावा." "बाई म्हणतात, सावली काळी नसते, नीट बघितलं तर निळी असते." मी सावली कशी पडते ते दिवा आणि चेंडू घेऊन तिला दाखवलं होतं, पहिलीत असताना. ते ती विसरली होती.

मग थंडी आली, आणि शेजारच्या काकू एक दिवस दार वाजवून आत आल्या. त्या मूळच्या अकोल्याकडच्या. त्यांच्या अंगणात मित्रा सागरगोटे खेळत होती, तेव्हा त्यांनी तिचे हात बघितले होते.

"अवं ताई, पोरीचे हात पाह्यले का तुम्ही? कावीळ दिसते मले. आमच्याकडे एक बाबा आहे, काविळीवर माळ घालते गळ्यात. म्हणत असान तर भावाले फोन करतो."

मी मित्राला ट्यूबखाली उभं केलं. तळवे पिवळे होते. पिवळे नाही, केशरीकडे झुकणारे. पाय बघितले, तळपायही तसेच. मग मी तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. डोळे पांढरेशुभ्र. कावीळ असती तर आधी डोळे पिवळे झाले असते. लघवी विचारली, नेहमीसारखी. भूक विचारली, तर म्हणाली, गाजर दे.

तेव्हा मला कळलं, आणि सांगायला लाज वाटत नाही, मला आनंद झाला. गाजरं! अति गाजरं खाल्ली की त्यातला रंग कातडीत उतरतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आता ते माझ्या घरात, माझ्या मुलीच्या हातावर छापून आलं होतं. खातरजमा म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "गाजर किती खाते?" म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, कमी करा, हळूहळू जाईल.

घाबरण्यासारखं काही नाही हे वाक्य मी कुणाला सांगणार नव्हते.

सकाळी मी मित्राला म्हटलं, "आजपासून दिवसाला एकच." तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. "बाई पण खातात! बाईंना कुणी नाही सांगत!" म्हटलं, बघू या बाई काय म्हणतात ते. मधल्या सुट्टीत तिचं मनगट धरून मी तिला स्टाफरूममध्ये आणलं. सगळ्या होत्या. मुख्याध्यापिकाही नेमक्या आल्या होत्या. बाईंनी नुकताच पहिला घास तोडला होता.

"मित्रा, दाखव हात," मी म्हटलं. "बघा बाई. हे तुमच्या गाजरांचं काम. आमच्या शेजारणीला कावीळ वाटली. डॉक्टरांकडे जावं लागलं आम्हाला."

स्टाफरूम गप्प झाली. कितीतरी वर्षांनी ती माझ्यामुळे गप्प झाली होती.

बाईंनी गाजर खाली ठेवलं. मित्राचा हात धरून तिला खिडकीपाशी, उजेडात नेलं. हात सरळ केला, वाकडा केला, बोटं ताणली. चित्र बघायच्या तशाच बघत होत्या. मग पदराला पुसून त्यांनी स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी उघडा केला.

एकच रंग. तोच, पिकत आलेल्या पपईच्या सालीचा. इतकी वर्षं मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर डबा खात होते आणि त्यांचे तळवे कधी बघितले नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांतच काहीतरी शोधत राहिले होते.

"मला हा यायला फार दिवस लागले होते गं," बाई म्हणाल्या. "तुला बरा पटकन आला."

त्यांच्या आवाजात किंचित असूया होती. दुसऱ्या कुणी ओळखली नसेल, मी ओळखली.

मित्राचं तोंड असं उजळलं की काय सांगू. ती आपला हात बघे, त्यांचा बघे. सगळ्या खिडकीपाशी गोळा झाल्या. पीटीचे सर म्हणाले, "कमाल आहे!" क्लार्कनं आपले तळवे पुढे केले, मग प्रत्येकीनं केले. मीही टेबलावर हात टेकून उभी होते. मित्रानं तो उलटा करून बघितला.

"आईचा नुसताच आहे," ती म्हणाली.

वाईट हेतूनं नाही म्हणाली. दहा वर्षांची पोर, जे दिसलं ते बोलली. पण 'नुसताच' हा शब्द मला कुणी इतक्या जवळून मारला नव्हता.

मग बाई तिला म्हणाल्या, "आता दिवसाला एक. विज्ञानाच्या बाई सांगतात तसं. त्यांना कळतं त्यातलं."

"हो बाई," मित्रा म्हणाली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. सकाळी माझ्यापाशी याच वाक्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे माझं बरोबर होतं, हे ठरवण्याचा मानसुद्धा त्यांनाच.

पुढे तिच्या तळव्यांचा रंग उतरला, डॉक्टर म्हणाले तसा, हळूहळू. हातातलं बाकीचं राहिलं. दहावीनंतर मी विज्ञान म्हणत होते, तिनं चित्रकलेचा रस्ता धरला. आता हडपसरला एका आयटी कंपनीत मोबाइलच्या पडद्यावर काय कुठे दिसावं ते रेखाटते. तिथेच मैत्रिणींबरोबर राहते, रविवारी येते. चांगलं चाललंय तिचं. पहिल्या पगाराची मला साडी घेतली आणि बाईंना रंगाचे ब्रश. साडी महाग होती. मी ब्रशांची किंमत विचारली नाही, पण ते निवडायला ती अर्धा दिवस फिरली होती.

गेल्या हिवाळ्यात मंडईत बाई भेटल्या. पाठीत थोड्या वाकल्यात. चष्मा नाही, हे मी आधी बघून घेतलं. बरोबर त्यांचे मिस्टर होते, पिशवी धरून. त्यांना मी निरोपसमारंभानंतर प्रथमच बघत होते. बारीक, गोरे, गप्प गृहस्थ.

बाईंनी माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. "हलवा?"

"नाही," मी म्हटलं. "कच्ची खाते हल्ली. पोटाला बरी पडतात."

दुसऱ्या कुणाला पटलं असतं. बाईंनी सरळ माझा हात धरला, गर्दीतून बाजूला उजेडाकडे नेला आणि उघडला. बराच वेळ बघितला.

"किती दिवस खाताय?"

"झाले बरेच."

"येणार नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती त्यात. "काही जणांना येतच नाही हो. यांचंच बघा की. दाखवा हो."

मिस्टरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि आपला तळवा पुढे केला. माझ्यासारखाच. नुसताच.

"लग्नापासून खातोय," ते म्हणाले. तेवढंच बोलले ते.

आम्ही दोघं एकमेकांच्या हाताकडे बघत उभे राहिलो. बाई तोवर दुसऱ्या गाळ्यावर गाजर मोडून बघत होत्या आणि भाजीवाला त्यांच्यावर ओरडत होता. मला त्या गृहस्थांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. मी गाजरं खायची सोडली नाहीत.

परवाच्या रविवारी मित्रा आली. चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "आई! सिंकपाशी हा टूथब्रश कुणाचा गं?"

मी पेपरमधून मान वर केली नाही. म्हटलं, "गाजराचा."

मग ती दारात येऊन उभी राहिली. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. माझ्याशेजारी बसली, पेपर काढून घेतला, माझा हात धरून खिडकीच्या उजेडात ओढला. सरळ केला, वाकडा केला, बोटं ताणली.

"आई, आलाय गं," ती म्हणाली. "थोडासाच. बघ ना, इथे, अंगठ्याच्या खाली."

आलेला नव्हता. मी विज्ञान शिकवलंय, मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. नजर तिची बाईंच्या हाताखाली तयार झालेली, रंगात ती चुकणार नाही.

"कुठे?" मी म्हटलं. "नीट बघ."

तिनं माझा हात आणखी जवळ घेतला आणि पुन्हा बघायला लागली.